चिंचोक्याची खळ

धुळाजीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव छापलं आहे. पुस्तक उर्दूत, जपान मुलखाच्या तवारिखेचं, म्हणजे इतिहासाचं. ती अक्षरं मला लागत न्हाईत. माझी मजल मोडक्यातोडक्या मराठीपर्यंत, आन् ती बी ह्याच पोरानं चुलीपुढं पाटी गिरवली तेव्हा बाजूला बसून उचललेली. त्यानं बोट ठेवून दाखवलं. "हे बघ मोठमाय, हे साखराबाई. आन् त्याच्याखाली लिहिलंय, जिच्या मायेनं मला अडवलं आन् जिच्या मायेनंच मला सोडलं."

झुंबरनं, म्हणजे माझ्या धाकल्या जावेनं, त्याच्या सख्ख्या आईनं, ते पान डोळ्याला लावलं. तिचं नाव त्या पानावर न्हाई. मी म्हणाले, "शेळीला पाणी दाखवायचं राहिलं," आन् उठून मागं गेले. शेळी पाणी पिऊन निवांत बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

त्याला आठ दिवस झाले. हसनाबादेत माझ्या तोंडाला कुणी लागत न्हाई, पाटलाघरच्या बाया बी मी दिसले की बोलणं आवरतात. पण हे तोंडानं सांगायला मला जमलं न्हाई. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. लिहिताना समोर कुणी नसतं, तेवढं बरं.

आम्ही धनगर. मेंढरं, दोन माग, नदीकडची थोडी जमीन. माझा मालक आन् झुंबरचा मालक सख्खे भाऊ, एकाच साली पटकीनं गेले. तेव्हापासून घर माझ्या शब्दावर चाललं. झुंबर लोकर पिंजायची, सूत काढायची, आन् मी बसल्याबिगर बसायची न्हाई. मी तिला उपाशी ठेवलं न्हाई, हात उगारला न्हाई. पण नावानं हाक मारली असंही न्हाई. 'ए' म्हटलं की ती यायची.

पोरं दोन. माझा त्रिंबक, तिचा धुळाजी. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं. त्रिंबक तिसऱ्या दिवशी पळाला आन् मेंढरांत जाऊन लपला. तो तिथून काही परत निघाला न्हाई. धुळाजी बसला. हसनाबाद झालं, भोकरदन झालं, जालन्यात मस्तगडला कुणाच्या पडवीत राहून मॅट्रिक झाला, मंग हैदराबादेचं कॉलेज. मी घोंगड्या घेऊन जुन्या जालन्याच्या बाजारात बसले की गिऱ्हाइकाला घोंगडीचं नंतर, पुतण्याचं आधी सांगायची. तोवर मला काही टोचलं न्हाई. पोराचं नाव निघायचं, पण निघायचं ते साखराबाईचा पुतण्या म्हणून.

एका फाल्गुनात तो पत्र्याची पेटी घेऊन आला. उघडली तर सगळी पुस्तकं. म्हणाला, निजाम सरकारानं वजिफा दिलाय, शिकायला पैसा. तीन वर्षं जपानला राहायचं, तिथली तवारीख, तिथल्या चालीरीती शिकायच्या, आन् परत येऊन उर्दूत लिहायच्या.

"जपान म्हणजे त्या बांगड्यांचं?" मी विचारलं. जालन्याच्या दुकानांत तेव्हा जपानी कापड आन् जपानी बांगड्या ढिगानं यायच्या.

"तेच."

"मेंढरं किती हायेत तिथं?"

"नसल्यासारखीच."

"मंग पांघरतात काय?"

"कापसाच्या गोधड्या. आन् रेशीम विणतात."

"मेंढरं न्हाईत, घोंगडी न्हाई. आन् असल्यांकडून तू चालीरीती शिकायला चालला!"

त्रिंबक मागावर बसल्या बसल्या हसला. धुळाजी बी हसला. तो माझ्या बोलण्याला कधी रागावत न्हाई, हाच त्याचा मोठा दोष.

त्याची तयारी आम्ही रोज बघायचो. सकाळी गुडघे मोडून टाचांवर बसायचा आन् तसाच घटकाभर पुस्तक वाचायचा. तिथं सभेला, जेवायला, असंच बसतात म्हणे. उठला की पाय बधिर, भिंत धरून चालायचा. त्रिंबक म्हणायचा, "मेंढराला बी खुरी आली की अशीच चालतात. हळद लावू का?" जेवताना तुरीच्या दोन काड्या तासून घेतल्या होत्या, त्यांनी ज्वारीच्या कण्या खायचा. निम्म्या मांडीवर. झुंबर काही न बोलता त्या मांडीवरच्या कण्या वेचून कोंबडीला टाकायची.

कधी पुस्तकातलं सांगायचा. एकदा म्हणाला, दोनशेहून जास्त वर्षं त्या लोकांनी मुलखाची दारं लावून घेतली होती. बाहेरचा आत येऊ द्यायचा न्हाई आन् आतला बाहेर गेला तर त्याला परत घ्यायचा न्हाई, घेतला तर जीवच घ्यायचा.

"तेव्हा शहाणे होते," मी म्हणाले.

"आन् मोठमाय, तिथं भेटल्यावर पाया पडत न्हाईत, कमरेत वाकतात. धाकला वाकतो, आन् थोरला बी वाकतो."

"थोरला धाकल्यापुढं?"

"हां. थोडा कमी, पण वाकतो."

"तो मुलूख माझ्या कामाचा न्हाई," मी म्हणाले. सगळे हसले. मी बी हसले. आतापर्यंत लिहिलं ते सोपं होतं.

पाटलाघरी हळदीचं बोलावणं होतं. आम्ही दोघी विधवा, पुढं बसायचा प्रश्नच न्हाई, पण पाटलीणबाई दरवेळी मला आत ओसरीच्या खांबाजवळ बसवायची आन् घरातल्या चार गोष्टी विचारायची. तो खांब माझा होता. झुंबर बाहेर चपलांजवळ उभी राहायची. त्या दिवशी मी खांबाकडं निघाले, तर पाटलीणबाई माझ्या बाजूनं पुढं गेली आन् चपलांजवळच्या झुंबरला हाताला धरून आणली. "या, धुळाजीची माय या. तुमचं पोरगं समुद्रापार चाललं म्हणे! निजाम सरकारानं निवडलं!" तिला खांबाजवळ बसवलं. मंग माझ्याकडं वळून म्हणाली, "साखराबाई, तुमचा त्रिंबक काय करून राह्यला? मेंढरंच का?"

मेंढरंच.

झुंबर त्या खांबाजवळ बसली न्हाई, अर्धी बसली अर्धी उभी राहिली, माझ्याकडं बघून. मी बसावं म्हणून वाट बघत होती. मी बसले न्हाई. म्हणून तीही शेवटपर्यंत तशीच राहिली, उकिडवी. तिचं ते बघणं मला जास्त झोंबलं. घरी आल्यावर त्रिंबक दारात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होता, तोंडात बिडी. मी त्याच्या हातातला चिमटा हिसकावून फेकून दिला. त्याला कळलं न्हाई काय झालं. मला कळलं होतं.

आमच्यात लांबच्या वाटेला निघायचं तर बिरोबाचा कौल घेतात. मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचं असलं तरी घेतात. मंग समुद्रापार जायचं तर घ्यावाच लागतो. लिंबाखाली आमचं ठाणं आहे. देवाला अंघोळ घालायची, ओल्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एक एक पाकळी चिकटवायची आन् बसून राहायचं. दगड वाळतो तशी पाकळी सुटते. उजवी आधी पडली की जा, डावी आधी पडली की थांब. कौल मोडून गेलेल्याच्या घरी पोरगी देत न्हाईत आन् त्या घरच्यांना पंगतीला बोलावत न्हाईत. त्रिंबकच्या सोयरिकीचं तेव्हा चाललं होतं. म्हणजे धुळाजी कौल मोडील हे होणारच नव्हतं.

अंघोळ घालायचा मान आमच्या घरातल्या थोरल्या बाईचा. म्हणजे माझा. पाकळ्या चिकटवायचा मान रखमाजीचा. रखमाजी आमच्या जातीतला जाणता, देवाचा भगत, तोही घोंगड्या विणणारा. डोळ्यांत मोतीबिंदू, पाकळी चाचपून लावायचा.

घोंगडीला आम्ही चिंचोक्याची खळ देतो. चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे, शिजवायचे. त्याची चिकट पेज होते. ती ताण्यावर, मागाच्या उभ्या सुतावर, ब्रशानं फिरवली की लोकरीचं सूत ताठ होतं, तुटत न्हाई. कौलाच्या रविवारी सकाळी त्रिंबकनं खळ शिजवून ठेवली होती. मी अंघोळीचा तांब्या भरला. मडक्यातून दोन बोटं खळ एरंडीच्या पानावर घेतली आन् पदराखाली धरली. मी थांबले न्हाई, विचार केला न्हाई. हे लिहायला पाहिजे, कारण नंतर लोकांनी माझ्या बाजूनं पुष्कळ काही लावलं.

देवाला पाणी घातलं. भंडाऱ्यात खळ कालवली आन् उजव्या खांद्यावर लावली. पिवळ्यावर पिवळं, दिसायचं काय? मी बाजूला झाले. रखमाजी आला, त्यानं चाचपून दोन्ही पाकळ्या लावल्या. आम्ही सगळे बसलो. धुळाजी त्याच्या त्या जपानी बसण्यानं बसला, टाचांवर. झुंबर हात जोडून.

ऊन वर आलं. डावी पाकळी सुटली आन् पायरीवर पडली.

झुंबरचे जोडलेले हात तसेच राहिले. रखमाजी म्हणाला, "धुळाजी, देव न्हाई म्हणतो रे."

रीत अशी, की कौल मागणाऱ्यानं उठून देवाच्या उजव्या खांद्यावरचा भंडारा कपाळाला लावायचा, कौल काही लागो. ही रीत मी जन्मभर बघत आले. आन् त्या दिवशी मला ती आठवली न्हाई. धुळाजी उठला, बोट खांद्यावर टेकवलं, कपाळाकडं नेलं, आन् मधेच थांबला. अंगठा आन् बोट एकमेकांवर घासलं. लहानपणी तोही ताण्यावर खळ फिरवायचा, त्रिंबकबरोबर. विणकराच्या पोराला ते बोटांना कळतं, डोळे लागत न्हाईत. त्यानं बोट नाकाजवळ नेलं. मंग माझ्याकडं बघितलं.

मी नजर वळवली न्हाई. माझ्यात तेवढा उर्मटपणा होता.

त्यानं भंडारा कपाळाला लावला आन् म्हणाला, "देवाची मर्जी."

त्याला पुढच्या सोमवारी हैदराबादेत हजर व्हायचं होतं. हजर न झाला तर वजिफा दुसऱ्याला, असं त्या सरकारी पत्रात लिहिलेलं. आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो मागाच्या खड्ड्यात उतरून बसला. पुस्तकांची पेटी त्यानं बाजेखाली सारली, काड्या झुंबरनं उचलून कुठं ठेवल्या ठाऊक न्हाई. त्रिंबक त्याला म्हणाला, "बरं झालं, मला सोबत झाली." ते ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. ह्यासाठीच केलं होतं ना सगळं.

आन् इकडं त्या पाकळीनं माझा जीव खाल्ला. खळ मी हावरटासारखी लावली होती. उजवी पाकळी पडलीच न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. वाळली, चुरगळली, पण देवाच्या खांद्याला धरून राहिली. लोक बघायला यायला लागले. म्हणे बिरोबानं धुळाजीला हाताला धरून ठेवलंय, सोडतच न्हाई. वाड्यावस्त्यांवरून बाया नारळ घेऊन आल्या. पाटलीणबाई आली. तिनं देवाचं दर्शन घेतलं आन् मंग येऊन माझ्या पायाला हात लावला. "तुमच्या हातची अंघोळ बाई. देव उगाच न्हाई एवढा जागा झाला."

जो मान गेला म्हणून हे केलं, तो दुप्पट होऊन घरी चालत आला. मी पाय मागं घेतले. ती म्हणाली, "बघा, किती नम्र!" मला आयुष्यात कुणी नम्र म्हटलं ते तेवढंच.

बुधवारी झुंबर माझ्यापुढं येऊन उभी राहिली. घर माझ्या हाती आल्यापासून पंधरा वर्षांत तिनं माझ्याकडं लुगडं मागितलं न्हाई, मीठ मागितलं न्हाई. म्हणाली, "बाई, तुमचं देव ऐकतो. फिरून एकदा विचारा ना."

"देव काय तुझ्या घरचा गडी हाय का, सारखं विचारायला?"

"पोरगं बोलत न्हाई हो. जेवतं, पण बोलत न्हाई."

"जेवतंय ना? मंग झालं."

ती खाली बघत उभी राहिली. "माझंच काही चुकलं असंल," म्हणाली. "त्या दिवशी पाटलाघरी मी तुमच्या जागेवर बसले. देवाला ते आवडलं नसंल."

मला काय झोंबलं ते तिला कळलं होतं. ती बसली नव्हती, अर्धी बसली होती, तरी तिनं ते स्वतःकडं घेतलं. मी तिला म्हणाले, "जा, लोकर पिंजायची पडलीय."

गुरुवारी ती घरात दिसली न्हाई. लोकर तशीच. दुपारची वेळ, चैत्राचं ऊन, मेंढरं सुद्धा सावलीला. मी शोधत ठाण्याकडं गेले. लिंबाखाली दहा-वीस माणसं उभी होती, त्रिंबक बी त्यांत, आन् झुंबर देवाभोवती लोटांगण घालत होती. आडवी लोळत. तिथली जमीन मुरमाड, सावली नुसती देवापुरती. तिची कोपरं फुटली होती, लुगडं पाठीवर मातीनं लाल झालं होतं. रखमाजी म्हणाला, "नवस बोलली हाय ती. पाकळी सुटेस्तोवर रोज अकरा फेऱ्या घालीन म्हणती."

पाकळी सुटेस्तोवर.

ती सुटणार नव्हती. मला ठाऊक होतं ती कशानं चिकटली. पाऊस येईस्तोवर ती बाई तिथं लोळली असती, आन् बायांनी तिच्यावर भंडारा उधळला असता. सहावी फेरी चालू होती. ती माझ्या पायाजवळून लोळत गेली, तिनं डोळे मिटले होते, मी तिथं आहे हे तिला कळलं बी न्हाई. पायाला तिच्या अंगाची धग लागली.

मी ओरडले, "ऊठ ए!"

ती थांबली. मी म्हणाले, "देवानं काही धरलं न्हाई. मी चिकटवलीय ती. खळीनं."

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. कुणी हललं सुद्धा न्हाई. रखमाजी हळूच म्हणाला, "साखराबाई, पोराच्या मायेपोटी देवावर खोटं बोलू नका. आम्हाला कळतंय तुमच्या पोटातलं." पाटलाघरची एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघा, पोरानं जावं म्हणून बाई पाप अंगावर घेऊन राह्यली."

जन्मभर मी खोटं बोलले असेन तेव्हा लोकांनी खरं मानलं. त्या दिवशी खरं बोलले तर कुणी घेईना.

"तुमच्या मायेला आग लावा!" मी म्हणाले. "त्रिंबक! तांब्याभर ऊन पाणी आण. चुलीवर ठेवलेलं हाय."

त्रिंबक घरून पाणी घेऊन आला, त्याच्यामागं धुळाजी. खळ थंड पाण्याला दाद देत न्हाई, ऊन पाण्यानं सुटते. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक, सगळे विणकर. मी देवाच्या उजव्या खांद्यावर धार धरली. पहिल्यांदा काही झालं न्हाई. मंग कड उचलली. मी अंगठ्यानं घासलं आन् पाकळी घसरत खाली आली, तिच्याखाली पिवळा पापुद्रा, लिबलिबीत. मी तो बोटावर घेतला आन् रखमाजीच्या हाताला पुसला.

रखमाजीनं बोटं चोळली. त्याच्या हातांनी चाळीस वर्षं खळ दिलेली. त्याचं तोंड बघवेना.

"बाई," तो म्हणाला, "हे तुम्ही केलं?"

"मीच."

"देवाला?"

त्रिंबक माझा पोरगा, तो मान खाली घालून उभा होता आन् हातातला तांब्या गोल गोल फिरवत होता.

जमलेल्या पंचांनी तिथंच ठरवलं. अंघोळीचा मान माझ्याकडून गेला, तो कायमचा. कौल फिरून घ्यायचा, पण मी ठाण्याच्या आवारात थांबायचं न्हाई. मी निघाले. पांदीच्या तोंडाशी एक दगड आहे, तिथं जाऊन बसले. तिथून लिंबाचा शेंडा दिसतो, देव दिसत न्हाई. रखमाजीनं झुंबरला अंघोळ घालायला सांगितलं, एवढं ऐकू आलं. ऊन उतरायला लागलं. एक होला झाडावर ओरडत होता. मला देवाकडं काही मागायचं तोंड नव्हतं, म्हणून मी मुंग्या बघत बसले.

बऱ्याच वेळानं तिकडून "चांगभलं" असा गलका उठला. पण कौल कुठलाही लागला तरी लोक चांगभलं म्हणतातच. मी उठून उभी राहिले.

झुंबर पळत आली. फुटलेल्या कोपरांनी, पदर खांद्यावरून घसरलेला. सगळ्यांच्या आधी ती मला सांगायला आली.

"बाई, उजवी! उजवी पडली!"

आन् तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "मी तुमच्यावर राग धरला न्हाई बाई. माझ्या लेकराला लांब पाठवायचा जीव झाला न्हाई तुमचा, म्हणून केलं ना? मला बी वाटत होतं जाऊ नये. तुमच्यात धमक होती, तुम्ही केलं."

तेव्हा सांगायचं होतं. एकटीच होती ती, कुणी ऐकायला नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणाले, "हां."

शनिवारी बैलगाडीनं त्याला जालन्याच्या टेसनाला नेलं. त्रिंबकनं गाडी हाकली. त्यानं दोन दिवसांत रात्रीचा दिवस करून एक काळी घोंगडी पुरी केली होती. धुळाजीच्या खांद्यावर टाकून म्हणाला, "तिथं मेंढरं न्हाईत म्हणतोस. थंडी तर असंल?" झुंबरनं तुरीच्या काड्या फडक्यात बांधून दिल्या. तिनं त्या जपून ठेवल्या होत्या.

राजूरला बैलं पाण्याला सोडली तेव्हा मी आन् धुळाजी दोघंच गाडीत होतो. मी विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं. बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर मी गेलो असतो निघून. तू इथंच राहिली असतीस, त्या लोकांत."

"आन् तुझं काय झालं असतं?"

"विणलं असतं."

तो बैलांकडं बघत म्हणाला, "मोठमाय, एक विचारू? मायेनंच केलंस ना?"

त्यानं ते पोरासारखं विचारलं. त्याला हो पाहिजे होतं. कदाचित त्याला दुसरं बी ठाऊक होतं आन् तरी हो पाहिजे होतं. मी म्हणाले, "मंग कशानं?"

टेसनावर गाडी आली. आईच्या पाया पडला, माझ्या पाया पडला, आन् मंग मागं सरून, त्या मुलखातल्यासारखा, आम्हा दोघींपुढं कमरेत वाकला. खूप वेळ. फलाटावरची माणसं हसली. झुंबर त्याच्याकडं बघून तशीच वाकली, वेडीवाकडी, तिला वाटलं असंच करायचं असतं. मी ताठ उभी राहिले.

तीन वर्षं राहून तो परत आला. पुस्तक लिहायला आणखी दोन लागली. आता तो हैदराबादेत शिकवतो. गावात अजून सांगतात, साखराबाईनं पुतण्याच्या मायेनं देवाला फसवलं आन् मायेनंच कबूल केलं. देवाला फसवणाऱ्या बाईला शिव्या द्यायच्या सोडून लोक माझा दाखला देतात, लेकींना सासरी धाडताना. मी ऐकून घेत आले. आन् आता ते छापून आलंय.

म्हणून लिहिते, धुळाजी. माया नव्हती. तू जाशील म्हणून माझ्या पोटात तुटलं न्हाई. तू जाशील आन् माझा त्रिंबक मेंढरांमागं राहील, आन् जिला मी 'ए' म्हणते ती माझ्या खांबाजवळ बसेल, एवढ्यासाठी मी देवाच्या अंगाला खळ लावली. कबूल केलं तेही तुझ्यासाठी न्हाई. ती लोळत होती ते बघवलं न्हाई म्हणून.

पुस्तक फिरून छापायचं म्हणतोस, चुका दुरुस्त करायच्या म्हणतोस. ही एक कर. माझं नाव काढ. तिथं झुंबरबाई लिही.

तू शुक्रवारी जाणार. हा कागद तुझ्या पेटीत घालणार आहे, पण त्याच्या आधी तो तिला वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत न्हाई, सुटका न्हाई, मलाच वाचावं लागणार, मोठ्यानं. आता ती मागं शेळी दोहून राह्यली. दूध चुलीवर ठेवून झालं की मी तिला हाक मारीन, नावानं. ती येईल आन् माझी वाट बघत उभी राहील. आज मी बसणार न्हाई, ती बसेस्तोवर.